मेघाकरिता केलेल्या दुरुस्त्या

सक्करदरा, नागपूर
बुधवार, सकाळ

आदरणीय प्रेमानंदभाऊ यांस,

आधी जयभीम, मग चौकशी आणि चौकशीनंतर गाऱ्हाणं, या क्रमानं लिहितो. गाऱ्हाणं आधी आलं की चौकशी खोटी वाटते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. तर तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता, की बाटली खिडकीत ठेवून नुसते तिच्याकडे बघत बसता? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? मौद्याला थंडी आमच्यापेक्षा जास्त पडते असं तुम्ही दरवर्षी सांगता. मौद्याच्या वीजकेंद्रात वीज तुमच्या दाराशी तयार होते, तरी तुम्ही गीझर लावत नाही, आणि थंड पाण्यानं आंघोळ करून गुडघ्याला दोष देता. (हे तुमच्या बहिणीचं, वंदनेचं मत आहे. मी फक्त पोचवतो.) आमच्याकडे सगळे प्रकृतीनं ठीक आहेत. प्रकृतीनं, असं मुद्दाम लिहिलं आहे.

पत्र पोस्टानं आलं म्हणून घाबरू नका, कुणी गेलेलं नाही. फोनवर मी बोलायला लागलो की वंदना बाजूला येऊन उभी राहते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला आपली पुरवणी जोडते. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर मेघा आहे, आणि जे घडलं ते मेघाचंच आहे. शिवाय सदतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस मी. जे कागदावर आलं नाही ते घडलंच नाही, असं मानायची सवय हाडात गेली आहे. या सवयीनंच माझा घात केला, पण ते पुढे येईल.

मेघाची कंपनी दीक्षाभूमीची गर्दी ओसरली त्याच आठवड्यात इथलं ऑफिस आवरून गेली आणि पोरीला नारळ मिळाला, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर ती दार लोटून दिवसभर लॅपटॉपसमोर बसू लागली, हेही वंदनेनं तुम्हाला सांगितलं असेल. मला वाटायचं, अर्ज करत असेल. तर ती एका प्रोग्रामवर काम करत होती, तेही फुकट. जगात असे प्रोग्राम असतात म्हणे, की जे कुणाच्याच मालकीचे नसतात. कुणीही वापरावेत, कुणीही सुधारावेत. (विहाराच्या रंगकामासारखं. फरक एवढाच की इथे रंग कुणी दिला यावरून भांडण होत नाही, कारण प्रत्येक कामासमोर करणाऱ्याचं नाव आपोआप लागतं.) मेघाचा हा प्रोग्राम विहिरी, तलाव, धरणं यांच्या पाणीपातळीचे आकडे घेऊन त्यांचे आलेख काढून देतो. म्हणजे माझ्याच खात्याचं काम. आकडे फार झाले की तो अडखळतो, अर्धा अर्धा तास घेतो. मेघानं त्याचा एक मोठा भाग नव्यानं लिहिला आणि पाठवून दिला. पोर्तुगाल देशात मार्ता नावाच्या एक बाई आहेत, त्या प्रोग्रामची सगळी देखभाल त्या एकट्या करतात. त्यांनी काम तपासून मंजूर केलं की मेघाचं नाव लागणार होतं. "कंपन्या हेच पाहतात बाबा," ती एकदा जेवताना बोलली, "सर्टिफिकेट कोणी नाही पाहत आता. तुमचं नाव कुठं दिसून राहिलं, ते पाहतात." मग मंजुरीची वाट बघणं सुरू झालं. ती इंटरनेटवरच्या त्या प्रोग्रामच्या पानाकडे फिरकायचीही नाही. रोज पाहिलं की जीव टांगणीला लागतो म्हणायची आणि मुलाखतींचा अभ्यास करत बसायची. पोर बारीक झाली हो. बाप हे नुसतं बघत बसू शकत नाही. बसायला हवं होतं, हे मला आज कळतंय.

तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप मला दिलेला आहे, प्रवचनं ऐकायला. त्यावर एक दिवस चुकून तेच पान उघडलं. तिचं कॉलेजच्या वेळचं खातं त्यात अजून उघडंच होतं, वर नाव झळकत होतं, मेघा आनंदराव गजभिये, नागपूर. मी वाचू लागलो. आता प्रोग्राममध्ये काय असतं, ते थोडक्यात सांगतो. काही ओळी संगणकासाठी असतात, त्या मला कळल्या नाहीत. पण मधेमधे माणसांसाठी लिहिलेल्या टिप्पण्या असतात, म्हणजे या ओळी कशासाठी, हे असं का केलं, वगैरे. संगणक त्या टिप्पण्या वाचत नाही आणि माणसंही क्वचितच वाचतात. म्हणजे हुबेहूब आपल्या सरकारी फाइलीतल्या टिप्पण्या. मला घरी आल्यासारखं वाटलं. आणि भाऊ, काय त्या टिप्पण्यांमधलं इंग्रजी! एका शब्दात अक्षर जास्त, दुसऱ्यात कमी, एका वाक्याला क्रियापद नाही, दुसऱ्याला दोन. सोबतच्या माहितीपुस्तिकेचीही तीच गत. माझे हात शिवशिवायला लागले. माझ्या टेबलावरून असलं पत्र साहेबाच्या सहीला कधी गेलं नाही. (कुलकर्णी साहेबांच्या वेळी एक गेलं होतं, पण त्या दिवशी मी रजेवर होतो.)

माझ्या मनात त्या क्षणी दोन गोष्टी एकदम आल्या. एक, या चुका दुरुस्त करता येतात. दोन, दुरुस्ती केली की समोर नाव लागतं. आणि नाव कुणाचं लागणार, तर मेघाचं! कंपन्या नाव बघतात ना? मग बघा म्हणावं. मी एक शब्द दुरुस्त केला आणि सोबत रीतसर पत्र जोडलं. विषय, संदर्भ, मग मार्ताबाईंच्या प्रकृतीची चौकशी, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की', आणि शेवटी सही. सहीचाच सगळा घोळ आहे. खात्यात साहेब जागेवर नसले की त्यांच्या वतीनं मी सही करायचो, वर 'करिता' लिहून. कार्यकारी अभियंता करिता, अधीक्षक अभियंता करिता, एकदा तर मुख्य अभियंता करितासुद्धा. माझ्या उभ्या नोकरीत माझ्या स्वतःच्या नावानं गेलेली पत्रं म्हणजे रजेचे अर्ज. तेव्हा मी इंग्रजीतून लिहिलं, 'मेघा आ. गजभिये करिता'. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. दुरुस्ती मंजूर, आणि खाली 'धन्यवाद मेघा!' त्याच्यापुढे हसरा चेहरा. सदतीस वर्षांत मला कुठल्याही वरिष्ठानं हसरा चेहरा दिला नव्हता. मी त्या दिवशी तलावाकडे फिरायला गेलो तो दोन फेऱ्या जास्त मारून आलो.

मग मी बैठकच मारली. सकाळी चहा झाला की लॅपटॉप, दुपारी डुलकी झाली की लॅपटॉप. वंदना विचारायची, "काय करून राहिले दिवसभर?" मी सांगायचो, पोरीचं काम. "पोरीले माहीत आहे का?" मी म्हणायचो, काम झाल्यावर सांगतात अवं, आधी नाही. आता इथे खात्याचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका पत्रात एकच विषय. दोन विषय एका पत्रात घातले की ते कुठल्या फाइलीला लावायचं, हा प्रश्न येतो आणि पत्र कायमचं हरवतं. हा नियम मी नव्या कारकुनांना पहिल्या दिवशी शिकवायचो. तेव्हा मी प्रत्येक चुकीसाठी वेगळं पत्र पाठवलं. एका अक्षराला एक पत्र, एका स्वल्पविरामाला एक पत्र, आणि प्रत्येकात विषय, संदर्भ, प्रकृतीची चौकशी आणि 'मेघा करिता'. मला नंतर कळलं की अशा दुरुस्त्या एकत्र गोळा करून एकदाच पाठवायच्या असतात. एवढंच नाही, तर बाईंना प्रत्येक पत्र स्वतः उघडून, तपासून, निकाली काढावं लागतं. त्यांच्याकडे आवक-जावक बारनिशीही नाही आणि शिपाईही नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

काही दिवसांनी उत्तरं यायची थांबली. आता उत्तर न आल्यास काय करायचं, हेही ठरलेलं आहे. पहिलं स्मरणपत्र, सौम्य. दुसरं स्मरणपत्र, 'अद्यापपर्यंत अप्राप्त आहे' असं लिहून. तिसऱ्यात 'विलंबाची जबाबदारी' हे शब्द येतात. मी प्रत्येक पत्राला स्वतंत्र स्मरणपत्रं पाठवली. (प्रत्येकात प्रकृतीची चौकशी होतीच. मी काही रानटी नाही.) तरीही उत्तर नाही. तेव्हा राहिला शेवटचा उपाय, अर्धशासकीय पत्र. ते टेबलावरच्या माणसाला नाही, त्याच्या वरिष्ठाला नावानिशी लिहायचं असतं. या बाईंना वरिष्ठ कोण, ते मी शोधलं. माहितीपुस्तिकेच्या अगदी पहिल्या पानावर, मार्ताबाईंच्या वर, एक नाव होतं. टोमास. हा प्रोग्राम मूळचा यांनीच लिहिलेला. मी श्रीयुत टोमास यांना पत्र लिहिलं. 'आपल्या अधिपत्याखालील श्रीमती मार्ता या प्रकरणे प्रलंबित ठेवीत असून, मूळ टिप्पण्यांतील चुका अत्यंत ढोबळ व अक्षम्य स्वरूपाच्या आहेत, तरी आपण जातीने लक्ष घालावे.' इंग्रजीत ते आणखी जड वाटत होतं. मला त्या मसुद्याचा अभिमान वाटला होता. भाऊ, तुमच्यापासून काय लपवू, मी तो वंदनेला मोठ्यानं वाचून दाखवला होता.

मार्ताबाईंचं उत्तर संध्याकाळी आलं. चारच ओळी होत्या, त्या जशा आहेत तशा मराठीत लिहितो. 'टोमास माझा नवरा होता. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. त्या चुका त्याच्या आहेत, तो असंच इंग्रजी लिहायचा, आणि त्या वाचताना मला त्याचा आवाज ऐकू येतो. मी त्या दुरुस्त करीन, पण या वर्षी नाही. कृपा करून आता थांबा.' आणि खाली एक सूचना, की मेघा गजभिये या नावाला आता इथे काहीही लिहिता येणार नाही.

मी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. त्या रात्री जेवलो नाही. वंदनेला पोट बिघडलं म्हणून सांगितलं. एका बाईचा नवरा गेलेला, तिच्याच दारात उभं राहून मी तिच्या नवऱ्याकडे तिची तक्रार करून आलो होतो, आणि वर त्याच्या लिहिण्याला अक्षम्य म्हणालो होतो. दोन शब्द सांत्वनाचे लिहावेत, तर ती वाटही बंद. विहारात मागच्या पौर्णिमेला सम्यक वाचेवर मीच बोललो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि मेघाला? मेघाला आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. जुन्या खात्यावरची बंदी आहे, तिचं चालू खातं वेगळं आहे, तिच्या कामाला काही होणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण नाव तेच, गाव तेच. मार्ताबाईंनी दोन्ही खाती एकाच बाईची समजून दोन्ही बंद केली होती, आणि मेघाचं खरं काम त्या ढिगाखाली तसंच पडलं होतं.

पुढच्याच आठवड्यात तिची हैदराबादच्या एका कंपनीची मुलाखत होती, घरूनच, लॅपटॉपवर. तिनं चांगला कुर्ता घातला होता. मी हॉलमध्ये पेपर उघडून बसलो होतो आणि एक अक्षर वाचत नव्हतो. आतून तिचा आवाज येत होता, ठाम, शांत. मग मुलाखत घेणाऱ्यांनी तिचं काम बघायला म्हणून ते पान उघडलं. पहिला आला तो मजकूर टोमास यांना लिहिलेल्या पत्राचा, तो त्यांनी मोठ्यानं वाचला. "हे तुम्हीच लिहिलंय का?" असं त्यांनी तिला विचारलं. नंतर मेघाचा आवाज आला, "सर, मला एक मिनिट द्या." तो आवाज मी तिच्या लहानपणी ऐकला होता, पडल्यावर रडू आवरायची तेव्हाचा. मुलाखत लवकर संपली. कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

ती बाहेर आली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, हे तुम्ही केलं?"

"तुझ्याचसाठी केलं बेटा."

"मले विचारलं काहून नाही?"

मी म्हणालो, तू कामात होतीस. ती म्हणाली, "तुमले वाटलं का पोरीच्यानं काही होत नाही. स्वल्पविराम लावून दिले तरच हिले कोणी ठेवून घेईन."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मी एक काम केलं बाबा, दोन महिने लावून. तुम्ही तो पूरा प्रोग्राम वाचला. माझं काम वाचलं का?"

भाऊ, नव्हतं वाचलं. ते पान माझ्यासमोर आलं होतं. मी वरून खालपर्यंत नजर फिरवली, त्यात एकही चूक सापडली नाही, म्हणून मी पुढे गेलो. हे मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही.

त्या दिवसापासून घरात अबोला आहे. अबोला म्हणजे भांडण नाही. ती मला पाणी देते, गोळ्यांची आठवण करते, "दूधवाला आला" म्हणते. फक्त पूर्वी संध्याकाळी येऊन खुर्चीच्या हातावर बसायची आणि कुठल्या कुठल्या गोष्टी सांगायची, ते बंद झालं. वंदना दोघांच्या मध्ये पोस्टमनसारखी फिरते. माझ्या बाजूनं एकही शब्द बोलत नाही, उलट परवा म्हणाली, "जे माहीत नाही त्यात हात घालायची गरज काय होती? तलावावर जाऊन बसले असते!" मी म्हणालो, मी पोरीच्या भल्यासाठीच केलं. तर म्हणते, "भल्यासाठीच करतात सगळे. वाईटासाठी कोण एवढी मेहनत करते?" तुम्हा भावंडांची ही जुनी खोड आहे, एका वाक्यात माणसाला निरुत्तर करायची.

पुढे काय झालं ते मला मेघानं सांगितलं नाही. ते पान कुणालाही वाचता येतं, म्हणून मी वाचलं. (हात लावला नाही. हात पाठीमागे बांधून वाचलं म्हणा हवं तर.) मेघानं आपल्या एका मैत्रिणीच्या खात्यावरून मार्ताबाईंना लिहिलं होतं. 'ती सगळी पत्रं माझ्या वडिलांनी माझ्या नावानं, मला न विचारता लिहिली. ते आयुष्यभर एका कार्यालयात होते, तिथे असंच लिहितात. टोमास यांच्याविषयी त्यांना माहीत नव्हतं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या वतीनं मी माफी मागते. माझं काम त्याच्या आधीचं आहे. ते बघायचं की नाही हे तुमच्या मनावर आहे.' मी हे किती वेळा वाचलं असेन, सांगता येत नाही. आपला बाप वाईट माणूस नाही, हे आपल्या मुलीला एका परक्या बाईला लेखी कळवावं लागलं. यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं झोपलो असतो.

मार्ताबाई मोठ्या मनाच्या निघाल्या. (शेवटी मिरची आपल्याकडे त्यांच्याच लोकांनी आणली. भिवापूरची मिरची खाताना इथून पुढे मी त्यांची आठवण ठेवणार आहे.) त्यांनी बंदी उठवली. मेघाचं काम तपासायला घेतलं आहे, आणि त्यात बऱ्याच त्रुटी काढल्या आहेत, त्या मेघा आता एकेक करून निस्तरते आहे. मंजुरी अजून नाही. माझ्याविषयी त्यांनी एकच ओळ लिहिली. 'तुमच्या वडिलांना सांगा, की टोमास गेल्यापासून इथे येणारे लोक मला फक्त प्रोग्राम का बिघडला ते विचारतात. माझी तब्येत कशी आहे, हे त्यांनी प्रत्येक पत्रात विचारलं. पहिल्या काही पत्रांपर्यंत मला फार बरं वाटलं होतं.' हा निरोप मेघानं मला दिलेला नाही. माझ्या दृष्टीनं तो अप्राप्त आहे.

असं आहे सगळं. लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की लिहून मोकळं वाटेल. तेवढं वाटलं नाही, पण कागद भरला. वहिनींना जयभीम, घरातल्या लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल. थोर मनानं वाचा आणि कुणाला दाखवू नका.

तुमचा,
आनंदराव

ता.क. खरं काम लिहायचं राहिलंच. मेघा तुमचं ऐकते. मामा म्हटलं की पोरगी विरघळते, हे तुम्हालाही माहीत आहे. तर या रविवारी सहज आल्यासारखं या. मी बोलावलं हे सांगू नका. जेवणं झाली की तिला बाजूला घेऊन सांगा, की बापाला फार पश्चात्ताप झाला आहे आणि तो पार वाळून गेला आहे. (वजन थोडं वाढलं आहे, पण ते फिरायला जाणं बंद झाल्यामुळे.) माझ्या वतीनं तेवढी माफी मागून टाका. वंदना रविवारी तुमच्या आवडीचे वडे करील. तिला अजून सांगितलेलं नाही.

ता.क. २. वरची ता.क. रद्द समजावी. पत्र टेबलावर होतं, वंदनेनं वाचलं. वाचून म्हणाली, "चुकी तुमची अन् माफी माझ्या भावानं मागायची? पोरीच्या नावावर लिहिलं, ते पुरलं नाही का?" आणि वडे होणार नाहीत असं तिनं स्वच्छ सांगितलं आहे. तेव्हा रविवारी येऊ नका. म्हणजे या, घर तुमचंच आहे, पण या कामासाठी येऊ नका.

ता.क. ३. गुरुवार, संध्याकाळ. पाकीट अजून बंद केलं नव्हतं, म्हणून लिहितो. दुपारी मी मेघाच्या दाराशी गेलो. सकाळी एक मसुदा केला होता, तो खिशात होता, पण दार वाजवल्यावर खिशात हात गेला नाही. म्हणालो, मेघा, माझं चुकलं. तुझं काम मी वाचलं नाही. वाचलं असतं तरी मला कळलं नसतं, पण वाचायला पाहिजे होतं. मग तिनं दुसरी खुर्ची ओढली, लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि तिनं काय केलं ते पहिल्या ओळीपासून सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. मला त्यातलं फारसं कळलं नाही, भाऊ. पण एका तलावाचे सगळे जुने आकडे तिनं त्यात घातले आणि पापणी लवायच्या आत आलेख समोर आला. पाऊस कुठल्या सालचा कमी, कुठल्या सालचा जास्त, सगळं दिसत होतं. आमच्या खात्यात हे काढायला माणसं महिना महिना बसायची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली, "बाबा, सोमवारी अजून एक मुलाखत आहे. आईलेही नाही सांगितलं अजून." आणि मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही घरी राहू नका." ती मला आधी सांगते आहे, आईच्याही आधी. तेव्हा वंदनेला तुमच्याकडून हे कळता कामा नये.

तर खरी विनंती अशी की सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं मी मौद्याला तुमच्याकडे येतो. संध्याकाळपर्यंत मला बसवून घ्या. मी उगाच येरझाऱ्या घालीन, घालू द्या. दुपारी मी कागद मागीन, कंपनीच्या साहेबांना दोनच ओळी लिहितो म्हणीन, कितीही गयावया केली तरी देऊ नका. मोबाईल आल्या आल्या माझ्याकडून काढून वहिनींकडे द्या. त्या दिवशी मला काही म्हणजे काही करू देऊ नका. फक्त संध्याकाळी मेघाचा फोन येईल, तो मात्र तुम्ही घेऊ नका. मला द्या.